अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातली वादळं, वारा आणि लाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं उत्तर हिंदी महासागरापुरती आहेत, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेचा अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर. होडीवर जाणारे, बंदरात काम करणारे, खाडीकाठी राहणारे आणि मोबाइलवर वादळाचा नकाशा उघडून बसणारे, सगळ्यांचे प्रश्न यात आले आहेत. वादळाचं नाव आणि नकाशावरचा ठिपका यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. नुकसान मात्र वाऱ्याचा घेर, लाटेचा कालावधी आणि भरतीची वेळ या तीन गोष्टींवर ठरतं, म्हणून उत्तरांतही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

बातम्यांत "कमी दाबाचा पट्टा तयार" असं येतं. म्हणजे वादळ येणार का?

बहुतेक वेळा नाही. कमी दाबाची क्षेत्रं वर्षभर बनतात आणि विरतात. भारतीय हवामान विभाग वाऱ्याच्या वेगावरून पायऱ्या ठरवतो. वारा १७ नॉटच्या खाली असेल तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र, १७ ते २७ नॉट असेल तर डिप्रेशन, २८ ते ३३ असेल तर डीप डिप्रेशन. ३४ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरला, चक्रीवादळ म्हणतात आणि नाव याच पायरीवर मिळतं. पुढे ४८ नॉटपासून तीव्र, ६४ पासून अति तीव्र, ९० पासून अत्यंत तीव्र आणि १२० नॉटपासून, म्हणजे ताशी २२० किलोमीटरच्या वर, महाचक्रीवादळ.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. घाईत असाल तर दुप्पट करून थोडं कमी करा.

हे आकडे सरळ चढत असले तरी वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० नॉटचा वारा ६० झाला की पत्र्यावर, शिडावर, नांगराच्या दोरावर येणारा ताण चौपट होतो. डीप डिप्रेशनला "वादळ नाही" म्हणून हलक्यात घेणं मात्र चूक आहे. छोट्या होडीला ३० नॉट पुरेसे होतात.

एकाच वादळाचा वेग परदेशी संकेतस्थळांवर जास्त का दिसतो?

आपला हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी देतो, अमेरिकी संस्था एका मिनिटाची. सरासरीचा अवधी कमी तितका आकडा मोठा. दोन्ही बरोबर असतात, फक्त एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. झोतांचा, म्हणजे काही सेकंदांपुरत्या अचानक वाढणाऱ्या वाऱ्याचा, आकडा वेगळाच असतो. "ताशी ४५ ते ५५, झोत ६५ पर्यंत" अशा वाक्यातला शेवटचा आकडा झोतांचा. होडी उलटते ती झोताने.

वादळं मे आणि नोव्हेंबरमध्येच का? ऐन पावसाळ्यात समुद्र इतका खवळलेला असतो, मग तेव्हा का नाही?

चक्रीवादळाला लागणाऱ्या गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. पाणी वरच्या सुमारे ५० मीटरपर्यंत २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम हवं. हवेच्या मधल्या थरात ओलावा हवा. विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांचं अंतर हवं, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्याने हवेला पीळ मिळत नाही. आणि खालचा वारा व वरचा वारा यांत फार तफावत नको.

जून ते सप्टेंबरमध्ये ही शेवटची अट मोडते. खाली नैऋत्य मोसमी वारे, दहा-बारा किलोमीटरवर जोरदार पूर्वेकडचे वारे. वर उठणारी ढगांची रास मधेच कापली जाते आणि मध्यभाग उभा राहत नाही. म्हणून पावसाळ्यात उपसागरात डिप्रेशनं बनतात, पण ती क्वचितच चक्रीवादळापर्यंत जातात. अपवाद होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या जमिनीवरचं डीप डिप्रेशन कच्छवरून अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं.

पावसाळ्यातला खवळलेला समुद्र वादळाचा नसतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून येणारा वाऱ्याचा पट्टा आठवडेच्या आठवडे एकाच दिशेने हजारो किलोमीटर पाणी रेटत राहतो, त्याच्या या लाटा. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी माशांच्या विणीसाठी आहे, पण तिच्यामुळे होड्याही सगळ्यात वाईट समुद्रातून बाहेर राहतात.

अरबी समुद्रात वादळं कमी होतात असं शाळेत शिकलो. आता ते खरं आहे का?

सरासरीने अजूनही उपसागर पुढे आहे. जुनं प्रमाण साधारण चारास एक. उपसागराला पॅसिफिककडून आलेल्या विरत्या वादळांची बीजं मिळतात. शिवाय गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांचं गोडं पाणी वर तरंगून राहतं आणि खालचं थंड पाणी सहजासहजी वर येऊ देत नाही. अरबी समुद्राला पश्चिमेकडून वाळवंटाची कोरडी हवा लागते आणि सोमालिया-ओमानच्या बाजूला खालचं थंड पाणी वर येतं.

पण अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली वादळं दुबळी असतात हा समज आता सोडावा. २००७ चं गोनू आणि २०१९ चं क्यार ही दोन्ही महाचक्रीवादळं अरबी समुद्रातली. २०१९ मध्ये इथे पाच चक्रीवादळं झाली. वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. यांतली क्यार आणि महा तर एकाच वेळी समुद्रात होती. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा बराच गरम होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० ला निसर्ग रायगडात आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर वर गुजरातेत गेलेलं तौक्ते.

नावं कोण ठेवतं?

तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावं दिली आहेत. ही यादी २०२० मध्ये आली आणि तिच्यातलं पहिलं नाव बांगलादेशाने दिलेलं 'निसर्ग'. नाव जाहीर करायचं काम नवी दिल्लीच्या हवामान केंद्राचं. एकदा वापरलेलं नाव इथे पुन्हा येत नाही. नाव सौम्य आहे की भीतिदायक, यावरून काही ठरवू नये.

वादळाचं बुलेटिन नेमकं कसं वाचायचं?

आधी वेळ बघा. इंग्रजी बुलेटिनमध्ये अनेकदा जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०३०० म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. ही चूक फार होते आणि नेमकी घाईच्या दिवशी होते. चक्रीवादळ असताना बुलेटिन दर तीन तासांनी निघतं. म्हणजे तुमच्या हाती पडलेली माहिती दोन-तीन तास जुनी असणार हे धरूनच चाला.

मग केंद्राचं अंतर नव्हे, ३४ नॉटच्या वाऱ्याचा घेर बघा. तो ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य अशा चार बाजूंना वेगवेगळा दिलेला असतो. हिशेब असा: समजा केंद्र तुमच्यापासून ४०० किलोमीटरवर आहे आणि ताशी १५ किलोमीटरने सरळ तुमच्याकडे येतंय. मनात २७ तास येतात. पण तुमच्या बाजूला ३४ नॉटचा घेर २०० किलोमीटर असेल तर वारा १३ तासांतच पोचतो. बुलेटिन तीन तास जुनं, उरले १०. तुमची बोट किनाऱ्यापासून ९० किलोमीटरवर आहे आणि ७ नॉटने, म्हणजे ताशी १३ किलोमीटरने चालते, तर परतायला सात तास. लाटा समोरून असल्या तर नऊ. जाळं ओढायला तास-दीड तास लागतो तो वेगळा. म्हणजे "अजून दिवसाहून जास्त वेळ आहे" असं वाटत होतं तिथे खरं तर वेळ संपलेलीच होती.

नकाशावरचा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्र कुठे कुठे असू शकेल याचा तो अंदाज आहे, मागच्या काही वर्षांतल्या सरासरी चुकीवरून काढलेला. चोवीस तासांच्या अंदाजात ही चूक साधारण ७० ते ८० किलोमीटर असते, बहात्तर तासांच्या अंदाजात जवळपास दुप्पट. शंकूच्या बाहेर असलात तरी वारा, पाऊस आणि लाटा तुमच्यापर्यंत पोचू शकतात.

मार्गाचा अंदाज सुधारलाय तितका जोराचा सुधारलेला नाही. चोवीस तासांत वारा ३० नॉटने वाढला तर त्याला झपाट्याने तीव्र होणं म्हणतात. २९ नोव्हेंबर २०१७ ला डिप्रेशन असलेलं ओखी ३० च्या सकाळी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ झालेलं होतं, आणि बऱ्याच दिवसांच्या मासेमारीला गेलेल्या होड्या तेव्हा खोल समुद्रात होत्या. म्हणून डिप्रेशनच्या टप्प्यावरच बोट फिरवावी. नाव पडायची वाट बघू नये.

"तीन मीटरच्या लाटा" म्हणजे प्रत्येक लाट तीन मीटर?

नाही. दिलेली उंची ही त्या वेळच्या सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. बहुसंख्य लाटा त्याहून लहान असतात, पण काही तासांत एखादी लाट जवळपास दुप्पट, म्हणजे सहा मीटरच्या आसपास येऊ शकते. तयारी त्या एका लाटेची ठेवायची. समुद्राच्या वर्णनातले शब्दही मोजून वापरलेले असतात. १.२५ ते २.५ मीटर म्हणजे मध्यम, २.५ ते ४ म्हणजे खवळलेला, ४ ते ६ अतिशय खवळलेला.

उंचीइतकाच महत्त्वाचा आकडा कालावधीचा, म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत किती सेकंद गेले तो. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे कालावधीचा वर्ग गुणिले १.५६ मीटर. सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, चौदा सेकंदांची ३०० मीटरच्या वर. दोन मीटर उंचीची सहा सेकंदांची लाट होडीला धपाधप आपटते. तेवढ्याच उंचीची चौदा सेकंदांची लाट खोल समुद्रात कळतही नाही, होडी अलगद वर जाते आणि खाली येते. पण तीच लाट उथळ पाण्यात आली की उभी राहते आणि फुटताना खडकावर उभ्या माणसाला ओढून नेते. बाहेर "छान" असलेला समुद्र किनाऱ्यावर जीवघेणा होतो तो असा.

आभाळ निरभ्र, वारा नाही, वादळाची बातमी नाही, तरी पाणी घरात शिरलं. कसं?

केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. मूळ असतं दक्षिण हिंदी महासागरात, थेट अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत. तिथल्या लांब लाटा उत्तरेकडे निघतात. सोळा सेकंदांच्या लाटांचा गट ताशी ४५ किलोमीटरने, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटरच्या थोडं वर सरकतो. पाच हजार किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा साडेचार-पाच दिवसांनी पोचतात. तोवर ते वादळ संपलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये हे जास्त दिसतं. उधाणाशी गाठ पडली तर पाणी रस्त्यावर येतं.

याची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते, हवामान विभागाच्या पावसाच्या अंदाजात ती शोधून सापडणार नाही. रोजचा समुद्राचा अंदाजही तिथूनच मिळतो. खाडीकाठच्यांनी दोन्हीकडे बघायची सवय ठेवावी.

वादळाने पाणी चढतं ते कशामुळे? आणि कोणत्या बाजूला जास्त?

दाब कमी झाल्याने पाणी फुगतं, पण थोडंच. दाब एक हेक्टापास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की पाणी एक सेंटिमीटर चढतं. बाहेर १००८ आणि केंद्रात ९७० असेल तर ३८ सेंटिमीटर. खरं काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे रेटतो आणि समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खालून परतायला जागा मिळत नाही. उत्तर बंगालचा उपसागर उथळही आहे आणि नरसाळ्यासारखा निमुळताही. १९७० च्या भोला वादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक पाण्याने.

आपल्या गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ जिकडे चाललंय तिकडे तोंड केलं तर उजव्या हाताची बाजू वाईट. कोकण किनाऱ्यावर समुद्रातून जमिनीकडे येणाऱ्या वादळात ही बाजू केंद्राच्या दक्षिणेला पडते. तिथे वारा समुद्राकडून घुसतो, तर उत्तरेला तो जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि काही वेळा पाणी उलट मागे हटतं. "केंद्र आमच्या उत्तरेला चाळीस किलोमीटरवर धडकणार, म्हणजे आम्ही वाचलो" हा हिशेब उलटा आहे.

मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. त्यामुळे दीड मीटरचा फुगवटा ओहोटीला आला तर कुणाला कळत नाही, उधाणाच्या भरतीला आला तर वस्तीत शिरतो. धडकण्याच्या वेळेशेजारी भरतीची वेळ लिहून ठेवा. सगळ्यात मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी नसून एक-दोन दिवसांनी असतं, हेही विसरू नका.

बंदरावर "तीन नंबरचा बावटा" लागला म्हणजे काय?

क्रमांक १ आणि २ दूरच्या वादळाचे. १ म्हणजे दूर समुद्रात डिप्रेशन, २ म्हणजे दूर चक्रीवादळ, बाहेर पडणाऱ्या जहाजाला धोका. ३ पासून गोष्ट तुमच्या बंदराची होते. ३ म्हणजे इथेच सोसाट्याचा वारा येऊ शकतो, ४ म्हणजे वादळ पुढे या बंदराला बाधू शकतं. ५, ६, ७ धोक्याचे. ५ ला वादळ बंदर डाव्या हाताला ठेवून जाणार, ६ ला उजव्या हाताला, ७ ला बंदरावरून किंवा अगदी जवळून. ८, ९, १० यांचा अर्थ तोच, वादळ जास्त जोराचं. ११ म्हणजे इशारा केंद्राशी संपर्क तुटला. हा सर्वांत मोठा असला तरी सर्वांत जोराच्या वादळाचा नव्हे, इथे गल्लत होते. दिवसा शंकू आणि नळकांड्यासारखी चिन्हं चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे.

बावटा आणि पिवळा-नारंगी-लाल इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग जिल्ह्यासाठी असतो आणि अनेकदा नुसत्या पावसाचा असतो. लाल रंग असून समुद्र बरा, किंवा रंग हिरवा असून बाहेर चार मीटरच्या लाटा, दोन्ही होऊ शकतं.

खोल समुद्रात फोन नाही, रेडिओ बंद. वादळ कुठे आहे हे कसं ओळखायचं?

वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. केंद्र तुमच्या उजव्या हाताला, जरा मागच्या बाजूला असतं. मग वारा कसा फिरतोय ते दर अर्ध्या तासाने लिहा, बोट जमेल तितकी एका जागी ठेवून. पूर्वेचा वारा आग्नेयेचा, मग दक्षिणेचा झाला, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरला, तर तुम्ही धोक्याच्या उजव्या अर्ध्यात आहात. वारा नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, उजव्या अंगावर घेत जमेल तितकं पुढे काढा. वारा पूर्वेकडून ईशान्येकडे, उत्तरेकडे सरकला तर डावा अर्धा. वारा मागून उजव्या अंगावर घ्या आणि दूर निघा. दिशा बदलत नाही, जोर वाढतोय, दाब उतरतोय, तर तुम्ही वाटेतच आहात. तेव्हाही वारा मागून उजव्या अंगावर घेऊन डाव्या अर्ध्याकडे सरका.

वायुदाबमापक असेल तर एक खोच आहे. आपल्या पट्ट्यात दाब रोजच वर-खाली होतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा चढउतार तीनेक हेक्टापास्कलचा. म्हणून दहाचा आकडा चारच्या आकड्याशी न ताडता कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडा. त्या मोसमाच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीनने उतरला तर शंका घ्या, पाचने उतरला तर वादळ साधारण दोनशे सागरी मैलांच्या आत आहे असं धरून चाला.

रेडिओ आणि फोनचा पल्ला किती?

मोबाइल किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरनंतर भरवशाचा नाही. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा बोलायचा रेडिओ, सरळ रेषेत चालतो, म्हणून पल्ला अँटेनाच्या उंचीवर. संकटाची वाहिनी १६. नॅव्हटेक्स या इशारे पाठवणाऱ्या रेडिओ सेवेवर ५१८ किलोहर्ट्झला इशारे छापून येतात आणि त्यांचा पल्ला अडीचशे सागरी मैलांच्या पुढे असतो. उपग्रहावरून चालणाऱ्या 'जेमिनी' उपकरणावर इशारे टॉवरशिवाय मिळतात, पण ते एकेरी आहे. त्यावरून मदत मागता येत नाही. मदतीसाठी ४०६ मेगाहर्ट्झचा संकट-बीकन, म्हणजे संकटाचा संदेश उपग्रहाला पाठवणारं उपकरण, हवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

होडी खाडीत आणली. नांगर कसा टाकायचा?

दोर कमी सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. ओहोटीला पाणी तीन मीटर दिसतं म्हणून वीस मीटर दोर सोडतात. आता मोजा. पाणी ३, भरती ४, वादळाचा फुगवटा दीड, पाण्यापासून नाळेची उंची दीड. झाले १० मीटर. याच्या सातपट, म्हणजे ७० मीटर दोर लागतो. वीस मीटर म्हणजे जेमतेम दुप्पट. दोर उभा ताणला जातो आणि नांगर चिखलातून उपटला जातो.

दोर तुटतो तो बहुधा जिथे घासतो तिथे. कठड्याला टेकतो त्या जागी जुना रबरी पाइप चिरून चढवा आणि बांधा. चिंध्या भिजून सरकतात. दोन नांगर वेगवेगळ्या दिशांना टाका, कारण वारा फिरणार आहे. होड्या एकमेकींना खेटून बांधू नका, वाऱ्यापेक्षा जास्त फळ्या एकमेकींवर आपटून फुटतात. वरचं जाळं, ताडपत्री, बर्फाच्या पेट्या उतरवा. बॅटरी भरलेली आणि पाणी उपसायचा पंप चालू हवा. आणि मग होडीवर माणूस ठेवू नका.

वारा एकदम पडला, ऊन आलं. संपलं का?

बहुतेक तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असतो. काही मिनिटं ते तासभर शांतता, मग वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने. पहिल्या वाऱ्यात सैल झालेले पत्रे आणि झाडं दुसऱ्यात पडतात. समुद्रात डोळ्याखाली वारा नसतो, पण सगळ्या बाजूंच्या लाटा एकमेकींवर चढलेल्या असतात.

वादळ गेल्यावर बोट कधी काढायची?

वारा उतरल्यावर लाटा लगेच उतरत नाहीत. इशारा मागे घेतला का, लाटेची उंची आणि कालावधी किती, हे बघा आणि मग खाडीच्या तोंडाचा विचार करा. वादळाने रेती हलवलेली असते, जुनी वाट तिथे असेलच असं नाही. पाऊस झालेल्या खाडीतून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि समोरून येणाऱ्या लांब लाटांना भिडतं. लाटा आखूड, उभ्या होऊन तोंडावरच फुटतात. म्हणून भरतीच्या शेवटच्या तासात, पाणी थांबत आलेलं असताना, उजेडात बाहेर पडा. आधी किनाऱ्यावरून वीसेक मिनिटं लाटा मोजा, मोठ्या लाटा घोळक्याने येतात. आणि पाण्यावर ओंडके, तुटलेली जाळी, पिंपं तरंगत असतात. पंख्यात दोर अडकला तर इंजिन लगेच बंद करा, मागे-पुढे करून सोडवायला गेलात तर गिअर जाईल.